यशोदेचा धर्म

पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाने एक स्मारक उभे आहे. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी पोलंडच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा त्यांनी या स्मारकाला पुष्पांजली वाहिली आणि त्याच शहरातील नवानगरच्या जामसाहेबांच्या स्मारकापुढेही ते नतमस्तक झाले. ४५ वर्षांनंतर भारताचा पंतप्रधान त्या देशाच्या भूमीवर पाऊल ठेवत होता. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी ती बातमी अभिमानाने छापली, चार दिवस कौतुक झाले आणि विषय मागे पडला. एका युरोपीय देशाने आपल्या राजधानीत करवीरनगरीचे नाव कोरावे, असे या मातीने त्या देशासाठी काय केले होते, हा प्रश्न मात्र चार दिवसांच्या कौतुकात विरून जाण्याजोगा नाही. कारण त्याचे उत्तर इतिहासात जितके आहे, तितकेच ते आजच्या कर्तव्यातही आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून आक्रमण केले आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून. दोन जात्यांच्या मध्ये तो देश भरडला गेला. पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना १९४० आणि १९४१ या वर्षांत मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवण्यात आले. हिम, उपासमार आणि विषमज्वर यांनी कुटुंबेच्या कुटुंबे संपवली. जून १९४१मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनला पोलिशांची गरज भासू लागली आणि या बंदिवानांना सुटकेची वाट मिळाली. जनरल अँडर्स यांच्या सैन्यामागोमाग हजारो स्त्रिया आणि मुले १९४२ साली इराणकडे निघाली. त्यांत आईबाप गमावलेली, वाटेत त्यांच्यापासून तुटलेली, किंवा आपले लेकरू तरी जगावे म्हणून आईने काळजावर दगड ठेवून अनाथगृहाच्या स्वाधीन केलेली असंख्य मुले होती. ज्या मुलांसोबत कोणीच मोठे माणूस नाही, अशा परक्या देशातील लेकरांचा प्रश्न आज जगभर चर्चिला जातो. तो प्रश्न भारताच्या दाराशी १९४२ सालीच येऊन उभा राहिला होता.

भारत तेव्हा पारतंत्र्यात होता. ‘चले जाव’चे वारे वाहत होते, युद्धाने महागाई भडकली होती आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे तडफडून मेली. ज्याच्या स्वतःच्या घरात धान्य नाही त्याने पाहुण्याला दार उघडू नये, असे कोणी म्हटले असते तर त्याला दोष देणे कठीण होते. तरीही दार उघडले गेले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी जामनगरजवळ समुद्रकिनारी बालाचडी येथे या मुलांसाठी वसाहत उभारली. अन्य संस्थानिकांनी आणि टाटांसारख्या उद्योगपतींनी पैसा दिला. रशियाच्या भूमीतून निघालेली शेकडो मुले इराण, क्वेट्टा, मुंबई असा प्रवास करीत तेथे पोहोचली. तुम्ही आता अनाथ नाही, तुम्ही नवानगरची प्रजा आहात आणि मी जसा प्रजेचा ‘बापू’ तसाच तुमचाही, अशा आशयाचे शब्द जामसाहेबांनी या मुलांपुढे उच्चारले. त्या मुलांनी ते शब्द म्हातारपणापर्यंत जपले.

शब्दांपेक्षा अधिक बोलकी होती ती व्यवस्था. तिखट जेवण मुलांच्या पोटाला सोसेना, तेव्हा त्यांच्या चवीचे रांधणारे आचारी गोव्याहून आणले गेल्याचे त्या वसाहतीच्या आठवणींत सांगितले जाते. उपासमार सोसून आलेली ही मुले उरलेला पाव उशीखाली लपवून ठेवीत. उद्या मिळेल की नाही, याची त्यांना शाश्वती नव्हती. त्यांना रागावून ती सवय मोडली नाही. रोज वेळेवर भरलेले ताट समोर येत गेले आणि भीती हळूहळू ओसरली. मुलांना शिकवायला पोलिश शिक्षक होते, खेळाला मैदान होते, बालवीरांची पथके होती आणि वसाहतीचे प्रमुख म्हणून फादर प्लुता हे त्यांचेच धर्मगुरू होते. हिंदू राजाच्या राज्यात, त्याच्या आश्रयाने, पोलंडचा ध्वज फडकत होता आणि मुले आपल्या भाषेत आपली प्रार्थना म्हणत होती. युद्ध संपल्यावर पोलंडमध्ये सोव्हिएत रशियाच्या मुठीतले सरकार आले आणि या मुलांना परत पाठवण्याची मागणी झाली. ज्या सत्तेने आईबाप हिरावले तिच्याच हाती लेकरे सोपवायची कशी? तेव्हा जामसाहेब, फादर प्लुता आणि ब्रिटिश अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी मिळून त्यांना कायदेशीर दत्तक घेण्याचा मार्ग काढला. शरणागताला न सोडण्याची शिबी राजाची कथा या देशात लहानपणीच ऐकवली जाते. बालाचडीत ती कायद्याच्या कागदावर उतरली. आज त्या परिसरात सैनिकी शाळा आहे.

महाराष्ट्राचा वाटा याहून मोठा. कोल्हापूरपासून काही किलोमीटरवर, पंचगंगेच्या खोऱ्यात वळिवडे येथे १९४३ साली उभी राहिलेली वसाहत ही भारतातील पोलिश निर्वासितांची सर्वांत मोठी वसाहत होती. छत्रपतींच्या करवीर संस्थानाने जागा दिली, खर्चाचा भार लंडनमधील पोलंडच्या परागंदा सरकारने उचलला. सुमारे पाच हजार लोक तेथे राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुलेच बहुसंख्य होती. बराकींच्या रांगा, प्राथमिक शाळांपासून महाविद्यालयपूर्व शिक्षणापर्यंतच्या सोयी, इस्पितळ, चर्च, अनाथ मुलांचे वसतिगृह, नाट्यगृह, सहकारी दुकान असे एक लहानसे पोलंडच तेथे नांदू लागले. १९४६ साली बालाचडीची वसाहत आवरती घेतल्यावर तेथील मुलेही वळिवड्याला आली. दुखणाईत मुलांच्या विश्रांतीसाठी पाचगणीची हवा लाभली. भाजीवाले आणि दूधवाले कामापुरती पोलिश बोलू लागले आणि पोलिश मुलांच्या तोंडी मराठी शब्द रुळले, असे त्या काळाचे साक्षीदार सांगत. एक पोलिश कन्या तर कोल्हापूरचीच सून झाली आणि अखेरपर्यंत तेथेच राहिली. १९४८पर्यंत बाकीचे सारे ब्रिटन, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे पांगले, काही मायदेशी परतले. पण लंडनमध्ये त्यांनी ‘भारतातील पोलिशां’ची संघटना स्थापन केली, कोल्हापूरच्या महावीर उद्यानात कृतज्ञतेचा स्तंभ उभारला आणि २०१९ साली वार्धक्याने वाकलेले काही जण पुन्हा एकदा आपले बालपण पाहायला करवीरात येऊन गेले.

ही कथा सांगून छाती फुगवणे सोपे आहे. तिच्यातून शिकणे अवघड, पण अधिक मोलाचे. या मुलांना भारताने अन्न, वस्त्र, निवारा दिला. पण अन्न, वस्त्र, निवारा कैदखान्यातही मिळतो. वळिवड्याचे वेगळेपण असे की, आसऱ्याची किंमत म्हणून मुलांकडून काहीही मागितले गेले नाही. त्यांची नावे बदलली नाहीत, भाषा सोडवली नाही, धर्म पालटला नाही. कृष्ण गोकुळात यशोदेच्या मांडीवर वाढला, तिचे दूध प्यायला, तिच्या हातचा मारही खाल्ला. तरीही तो देवकीनंदन राहिला. लोकमानसाने यशोदेला आईपणाचा सर्वोच्च मान दिला आणि देवकीचे नावही पुसले नाही. दोन्ही नावे एकाच ओवीत गुंफली. परक्याचे लेकरू सांभाळण्याचा भारतीय आदर्श हा आहे. कोकणच्या किनाऱ्याला लागलेले बेने इस्रायली ‘शनवार तेली’ या नावाने गावगाड्यात सामावले, पण त्यांचा शनिवारचा विसावा कोणी मोडला नाही. तोच संस्कार वळिवड्यात दिसला.

हा आदर्श किती दुर्मीळ आहे, हे जगाच्या इतिहासावर नजर टाकल्यास ध्यानी येते. ऑस्ट्रेलियात आदिवासींची मुले आईबापांपासून तोडून गोऱ्यांच्या संस्थांत वाढवली गेली. कॅनडात मूळ निवासींच्या मुलांना निवासी शाळांत कोंडून त्यांची भाषा आणि श्रद्धा मोडण्यात आली. ‘त्यांच्या भल्यासाठी’ हेच त्या कृत्यांचे समर्थन होते. या दोन्ही देशांच्या सरकारांना २००८ साली आपापल्या संसदेत उभे राहून जाहीर क्षमायाचना करावी लागली. हा रोग भूतकाळात जमा झालेला नाही. १७ मार्च २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने रशियाच्या अध्यक्षांविरुद्ध अटकेचे वॉरंट काढले, ते युक्रेनमधील मुलांना बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून. एकट्या मुलाचा प्रतिकार सर्वांत दुबळा असतो, म्हणून त्याची ओळख खोडून त्यावर आपला शिक्का मारण्याचा मोह सर्वांत प्रबळ असतो. सेवेच्या नावाने तो मारला तरी तो अपहारच ठरतो. सेवाकार्यात उतरणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती कोणत्याही विचाराची वा श्रद्धेची असो, ही कसोटी प्रथम स्वतःला लावली पाहिजे.

वळिवड्याचा धडा मात्र जसाच्या तसा गिरवून भागणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. ती मुले पाहुणी होती. युद्ध संपताच मायदेशी जायचे, या आशेवर सारी वसाहत उभी होती. म्हणून तिच्यात पोलिश शाळा पुरेशी होती. आज जी मुले देशोधडीला लागतात, त्यांतील बहुतेकांना परतीची वाट नसते. त्यांना नव्या देशातच रोजगार मिळवायचा असतो, संसार थाटायचा असतो. केवळ आपल्या भाषेच्या कुंपणात वाढलेले मूल अठराव्या वर्षी बाहेर पडते तेव्हा ते दुसऱ्यांदा निर्वासित होते. म्हणून स्वभाषा राखणे आणि नवी भाषा पहिल्या दिवसापासून शिकवणे ही दोन्ही कामे बरोबरीने चालली पाहिजेत.

याचा एक यशस्वी प्रयोग भारतातच झाला आहे. चीनच्या जाचाला कंटाळून १९५९ साली दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागून आलेले हजारो तिबेटी हिमालयातील रस्तेबांधणीच्या कामावर राबू लागले आणि त्यांची मुले त्या तळांवर थंडी-तापाने मरू लागली. मे १९६०मध्ये तेथून आणलेल्या ५१ मुलांसाठी धरमशाळा येथे एक बालगृह सुरू झाले. त्यातूनच पुढे तिबेटी बालग्रामांचे जाळे उभे राहिले. मोठ्या निवासगृहांऐवजी एका गृहमातेच्या छायेत काही मुलांचे एक ‘घर’, तिबेटी भाषा आणि संस्कृतीचे शिक्षण, आणि जोडीला भारतीय शाळांचा अभ्यासक्रम, अशी ही रचना आहे. पुढील काळात कित्येक तिबेटी आईबापांनी आपली मुले एकटीच बर्फाळ खिंडी ओलांडून या शाळांकडे पाठवली. ती मुले हिंदी बोलतात, भारतीय महाविद्यालयांत शिकतात आणि तिबेटीही राहतात. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव येथे तिबेटी वसाहत आहे.

वळिवड्याच्या त्याच बराकींचा पुढचा इतिहास तर अधिकच उद्बोधक आहे. पोलिश गेले आणि फाळणीत घरदार गमावलेले सिंधी हिंदू तेथे आले. आजचे गांधीनगर ते हेच. रिकाम्या हातांनी आलेल्या या समाजाने तेथे कापडाची अशी पेठ वसवली की दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकातून व्यापारी तेथे माल भरायला येतात. छत्रपती संभाजीनगरातील सिंधी कॉलनीही त्याच दुःखाची आणि त्याच जिद्दीची खूण आहे. हा समाज मराठी मुलखात मिसळला, चेटीचंडचा उत्सवही त्याने सोडला नाही. मात्र नव्या पिढीला सिंधी लिहिता-वाचता येईनासे झाले, ही खंत त्यांच्यातील वडीलधारी मंडळी बोलून दाखवतात. ती ऐकली म्हणजे आसरा देणाऱ्या समाजाचे दायित्व भाकरीपाशी संपत नाही, हे पटते.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. सीमेवरून होणारी घुसखोरी ही या देशापुढील गंभीर समस्या असताना, निर्वासित मुलांचा कळवळा हा घुसखोरीला मागच्या दाराने दिलेला परवाना ठरणार नाही काय? आक्षेप निराधार नाही आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. शरणार्थी आणि घुसखोर यांत भेद केलाच पाहिजे. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे समर्थन याच भूमिकेतून झाले. भारताने १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर स्वाक्षरी केलेली नाही. आपल्या दारातून कोणी यावे, हे ठरवण्याचा अधिकार भारताने आपल्याकडेच ठेवला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु हा भेद हेतूवरून करायचा असतो आणि सात वर्षांच्या मुलाला हेतू नसतो. कोणी त्याला आणले, कोणी सोडले, कोणी विकले, याचा कठोर शोध व्हावा. मुलांच्या आडून माणसांचा व्यापार करणाऱ्या टोळ्यांना कायद्याने चिरडावे. पण ती चौकशी चालू असताना मूल पोलीस कोठडीच्या दारात नव्हे, तर घरासारख्या छपराखाली असले पाहिजे. आधी ताट, मग तपास, हा क्रम चुकता कामा नये. सीमेच्या रक्षणाविषयी जे सर्वाधिक आग्रही आहेत त्यांनीच हे ठणकावून सांगितले पाहिजे. आपल्या घराची चौकट मजबूत आहे, अशी ज्याची खात्री असते, त्याला उंबऱ्यावर रडणाऱ्या पोराची भीती वाटत नाही.

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. जीविताच्या रक्षणाची हमी देणारा संविधानाचा अनुच्छेद २१ नागरिकापुरता मर्यादित नाही, तो प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. भारताने १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्क संहितेत निर्वासित मुलाच्या संरक्षणाचे स्वतंत्र कलम आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ अन्वये निराधार अवस्थेत सापडलेल्या मुलाला २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे आणावे लागते. कुटुंबाचा शोध आधी, ते न मिळाल्यास प्रतिपालक कुटुंब किंवा दत्तकविधान, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असा क्रम या कायद्याने घालून दिला आहे. १०९८ हा क्रमांक अशा मुलांसाठीच आहे. कागदावरची ही चौकट भक्कम आहे. उणीव आहे ती तिच्यात प्राण ओतणाऱ्या माणसांची.

मूल समितीपुढे आले, पण त्याची भाषा समजणारा कोणी नाही. मग त्याच्या गावाचे नाव चुकीचे लिहिले जाते आणि त्या एका चुकीने आईबापांचा शोध कायमचा थांबतो. भाऊ एका संस्थेत आणि बहीण दुसऱ्या शहरात पाठवली, की उरलेले एकमेव नातेही तुटते. वर्षातून चार काळजीवाहक बदलले, तर मूल कोणावरच विश्वास टाकीनासे होते. आणि अठरा वर्षे पूर्ण होताच हाती दाखले नसताना त्याला फाटकाबाहेर उभे केले, तर आधीची सारी मेहनत पाण्यात जाते. अनुरक्षणगृहांची तरतूद कायद्यात आहे, महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी शासकीय नोकऱ्यांत आणि शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षणही दिले. पण दाखल्यांअभावी सवलत दारातच अडते. दुभाषा, भावंडांची सोबत, एक स्थिर मायेचे माणूस, वेळेवर मिळालेली कागदपत्रे आणि अठराव्या वर्षानंतरचा हात, या पाच गोष्टींवर मुलाचे रुजणे अवलंबून असते. यांतील एकही गोष्ट केवळ शासनाच्या आदेशाने निर्माण होत नाही. ती समाजातून यावी लागते.

मराठवाड्याला हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. निजामी राजवटीच्या अखेरच्या पर्वात रझाकारांच्या अत्याचारांनी येथील कित्येक कुटुंबे रात्रीतून गाव सोडून वऱ्हाडात आणि मुंबई इलाख्यात गेली होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त होईपर्यंत मराठवाड्याची माणसेच शेजारच्या मुलखात निर्वासित होती. परक्या अंगणात उभे राहण्याचे दुःख येथील अनेक घरांच्या आठवणीत आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली आणि हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली, तेव्हा आधार हरपलेल्या लेकरांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने त्या भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यात नेऊन शिकवले, वाढवले. ती मुले परदेशी नव्हती. पण उद्ध्वस्त गावातून महानगरात गेलेल्या खेडुत मुलाला ते शहरही परकाच मुलूख होता. समाज मनावर घेतो तेव्हा काय घडते, हे तेथे दिसले.

आजही छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्थानकावर एखादे मूल एकटे उतरते. ते दूरच्या राज्यातले असेल, सीमेपलीकडचे असेल, किंवा उसाच्या फडावर गेलेल्या आईबापांपासून हरवलेले बीडचे असेल. त्याच्याकडे पाहून लोक खिसा सांभाळतात आणि पुढे जातात. या शहरात महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे, बंगाली, ओडिया, नेपाळी बोलणारे कामगार आणि व्यावसायिक आहेत. त्यांतून बालकल्याण समितीला साहाय्य करणाऱ्या दुभाष्यांची एक यादी तयार करणे अशक्य आहे काय? निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी बालगृहात मराठी शिकवणे, सुस्थित कुटुंबांनी प्रतिपालकत्वासाठी नाव नोंदवणे, उद्योजकांनी अठरा वर्षांच्या मुलामुलींना प्रशिक्षणाची आणि कामाची संधी देणे, वकिलांनी त्यांच्या दाखल्यांसाठी विनामूल्य उभे राहणे, ही कामे कोणाच्याही आवाक्याबाहेरची नाहीत. मंदिरांच्या विश्वस्त मंडळांनी आणि गणेशोत्सव मंडळांनी आपल्या खर्चाचा एक लहानसा भाग जरी या कामाकडे वळवला, तरी पुष्कळ काही होईल.

कोल्हापुरात वाढलेली ती पोलिश मुले पुढे जगभर विखुरली. त्यांना कोणी कृतज्ञतेची अट घातली नव्हती. तरीही सात-आठ दशकांनी त्यांच्या देशाने आपल्या राजधानीत एका मराठी शहराचे नाव दगडावर कोरले. आज बालगृहाच्या खिडकीतून अनोळखी रस्ता पाहणारे मूल उद्या या शहराविषयी काय सांगेल, हे आज या शहरातील माणसे त्याच्याशी कशी वागतात त्यावर ठरणार आहे. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचे कार्यालय याच शहरात आहे. तेथवर जाऊन ‘आमच्याकडून काय मदत होईल?’ एवढे विचारणे, ही या कर्तव्याची पहिली पायरी आहे.